काचेच्या पेटीतलं रान



आज एका झाडाची गोष्ट सांगणार आहे. झाड आपल्याकडचं नाही, बोर्निओ बेटावरचं आहे. पण त्याचं कूळ तुमच्या ओळखीचं आहे. आपलं अळू, सुरण आणि पहिल्या पावसात काकडं घालून ज्याची भाजी करतो ते शेवळं, ही सगळी त्याची भावकी. अळवाचं फूल तुम्ही पाहिलं असेल. मधे एक दांडा आणि त्याला शालीसारखं गुंडाळलेलं आवरण. या झाडाचं फूलही तसंच असतं, फक्त करंगळीच्या पेराएवढं.

झाडाचं नाव बुसेफॅलँड्रा. नाव अवघड आहे, पण दोन-चार वेळा कानावर पडलं की सवय होते. माशांच्या टाक्या सजवणारे हौशी लोक त्याला नुसतं ‘बुसे’ म्हणतात. पान बोटाएवढं, काही जातींत त्याहूनही लहान. रंग काळपट हिरवा, कधी तपकिरी, कधी जांभळट. उजेड तिरका पडला की पानावर मोरपिसासारखी निळसर झाक येते. वर बारीक पांढरे ठिपके. मोठ्या शहरांत मासे आणि टाक्या विकणाऱ्या दुकानात या झाडाचा चिमूटभर तुकडा काही शे रुपयांना जातो.

हे एवढंसं झाड बोर्निओच्या रानातून शहरातल्या टाकीत कसं पोचलं, वाटेत कुणाचं काय झालं आणि ते आता कसं वाढवतात, हे आज सांगायचं आहे. शेवटी आपल्या गटांच्या कामाचं थोडं बोलू.

बोर्निओ हे जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट. आकाराने महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं. इंडोनेशिया, मलेशिया आणि ब्रुनेई अशा तीन देशांत ते वाटलेलं आहे. विषुववृत्त बेटावरून जातं, त्यामुळे बारा महिने पाऊस आणि उकाडा. रानातल्या ओढ्यांत मोठमोठे खडक असतात आणि बुसेफॅलँड्रा त्या खडकांवर वाढतं. त्याचं आडवं खोड खडकाला लागून सरपटतं, मुळं खडक घट्ट धरतात. ओढ्याला पूर आला की झाड पाण्याखाली, पूर ओसरला की पुन्हा हवेत. दोन्हीकडे जगायची त्याला सवय आहे. म्हणूनच ते पाण्याच्या टाकीत जगतं आणि दमट हवेच्या काचेच्या पेटीतही जगतं. अशा काचेतल्या बागेला टेरेरियम म्हणतात.

त्याची बी पसरण्याची रीत बघण्यासारखी आहे. फुलाच्या आवरणाचा वरचा भाग गळून पडतो आणि खालचा भाग वाटीसारखा उरतो. त्या वाटीत बी पिकतं. पावसाचा थेंब वाटीत आदळला की बी उडून शेजारच्या खडकावर पडतं. म्हणजे हे झाड फार लांब जात नाही. एका ओढ्यातली जात दुसऱ्या ओढ्यात सापडेलच असं नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

या झाडाला शास्त्रीय नाव मिळालं १८५८ साली, तेही बोर्निओपासून हजारो किलोमीटर लांब व्हिएन्ना शहरात. तिथल्या बादशाही बागांचा प्रमुख होता हाइनरिश शॉट. अळवाच्या कुळाचा अभ्यास हे त्याचं आयुष्यभराचं काम. या झाडाचे पुंकेसर शिंगं असलेल्या बैलाच्या डोक्यासारखे दिसतात, म्हणून त्याने बैल, डोकं आणि नर या अर्थाचे ग्रीक शब्द जोडून बुसेफॅलँड्रा हे नाव केलं. पहिल्या जातीला जेम्स मोटली या इंग्रज इंजिनिअरचं नाव दिलं. मोटली बोर्निओत कोळशाच्या खाणींचं काम बघायचा आणि फावल्या वेळात झाडं-पाखरं गोळा करायचा. त्या काळी युरोपातले व्यापारी आणि राज्यकर्ते अशा देशांत खाणी काढायला जात आणि त्यांच्याबरोबर झाडांचे वाळवलेले नमुनेही परत जात. नाव मिळाल्यानंतर वर्षभरातच, १८५९ साली, दक्षिण बोर्निओत बंजरमासिनच्या मुलखात डच सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि त्यात मोटली बायको-मुलांसह मारला गेला.

शॉटने पाहिलं ते वाळलेलं झाड. वाळवलेलं झाड कागदात दाबून कुठेही नेता येतं. जिवंत झाड न्यायचं कसं, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. बोटीचा प्रवास कित्येक महिन्यांचा. खारं वारं, उन्हाचा ताव, आणि गोडं पाणी माणसांनाच मोजून मिळायचं, तिथे झाडाला कोण देणार? लंडनच्या लॉडिजेस या मोठ्या रोपवाटिकेचा अनुभव असा की लांबच्या प्रवासाला निघालेल्या वीस झाडांतलं एखादंच जिवंत पोचायचं.

यातून वाट काढली नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरने. तो लंडनच्या पूर्व भागात, गोदीजवळच्या वस्तीत राहायचा. कोळशाच्या धुरामुळे त्याच्या अंगणात नेचे जगत नसत. १८२९ साली त्याने एका पतंगाचा कोष ओलसर मातीत घालून बाटलीत बंद करून ठेवला. पतंग कसा बाहेर येतो हे त्याला बघायचं होतं. काही दिवसांनी बाटलीतल्या मातीतून नेच्याचा कोंब आणि गवताचं पातं वर आलं. बाहेर लाख प्रयत्न करून न जगणारा नेचा बंद बाटलीत आपोआप जगला आणि जवळजवळ चार वर्षं टिकला.

यातलं कारण आपल्या रोजच्या बघण्यातलं आहे. भाताच्या भांड्यावरचं झाकण उचललं की आतून पाणी निथळतं, तसंच बाटलीतही होतं. दिवसा मातीतली आणि पानांतली ओल वाफ होऊन वर जाते, काचेला लागून थेंब होतात आणि पुन्हा मातीत उतरतात. तेच पाणी फिरत राहतं. बाहेरचा धूर आत येत नाही. उजेड तेवढा लागतो, तो काचेतून मिळतो.

वॉर्डने मग लाकूड आणि काच यांच्या पेट्या करून घेतल्या. १८३३ साली त्याने नेचे आणि गवतं लावलेल्या दोन पेट्या बोटीवरून ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. झाडं हिरवीगार पोचली. परतीला त्याच पेट्यांत तिकडची झाडं भरून पाठवली. वाटेत बर्फ पडला, कडक ऊनही लागलं, तरी तीही जिवंत आली. लॉडिजेसच्या रोपवाटिकेने या पेट्या वापरायला सुरुवात केली आणि त्यांचा हिशोब उलटा झाला. आता वीसातलं एखादंच झाड मरायला लागलं.

या पेटीने जगाची शेती बदलली. रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४८ ते १८५१ या काळात चीनमधून चहाची सुमारे २०,००० रोपं अशाच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आणली, आणि ती चीनला न सांगता आणली. १८६० मध्ये दक्षिण अमेरिकेतून सिंकोनाची रोपं निघाली आणि निलगिरीत लावली गेली. हिवतापावरचं क्विनाइन या झाडाच्या सालीतून मिळतं. १८७६ साली ब्राझीलच्या रबराचं बी लंडनजवळच्या क्यू बागेत रुजवून १९०० च्या वर रोपं ३८ पेट्यांतून श्रीलंकेला पाठवली. आशियातल्या रबराचा बहुतेक वंश त्या रोपांपासून पसरला. आज आपल्या दोडामार्गच्या डोंगरांवर रबराची लागवड दिसते, तिचं मूळ असं लांबवर जातं. ज्यांच्या मुलखातून ही झाडं गेली, त्यांना त्यातलं काय मिळालं? चहाच्या, सिंकोनाच्या आणि रबराच्या नफ्यात त्यांचा वाटा ठेवला गेला नाही.

आता पाण्याच्या पेटीकडे येऊ. माशांच्या काचेच्या टाकीचा इतिहास सांगताना पहिलं नाव एका बाईचं येतं. जान व्हिलप्रो-पॉवर. जन्म १७९४, फ्रान्समधल्या एका लहान गावात. वडील चपला शिवायचे. जान तरुणपणी पॅरिसला गेली आणि शिवणकामाला लागली. १८१६ साली एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावर तिने केलेलं भरतकाम नावाजलं गेलं. पुढे एका इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न होऊन ती सिसिली बेटावर मेसिना शहरात राहायला गेली. तिथे समुद्रकाठी तिला आर्गोनॉट नावाचा प्राणी भेटला. आठ हातांचा, पातळ कागदासारख्या शिंपल्यात राहणारा. हा प्राणी आपलं घर स्वतः करतो की दुसऱ्याच्या रिकाम्या घरात घुसतो, यावर मोठमोठे विद्वान वाद घालत होते. जानने वाद घातला नाही. १८३२ साली तिने काचेच्या टाक्या करून घेतल्या, त्यात जिवंत आर्गोनॉट ठेवले आणि रोज बघत बसली. तो आपला शिंपला स्वतः तयार करतो आणि फुटला तर दुरुस्तही करतो, हे तिने दाखवून दिलं. काही वर्षांनी सिसिली सोडताना तिचा संग्रह आणि कागदपत्रं ज्या जहाजावर चढवली होती ते जहाज १८३८ साली बुडालं. त्यामुळे तिचं नाव बराच काळ मागे पडलं. पण काचेच्या टाकीचं श्रेय आज तिला मिळतं.

दुसरी बाई लंडनची ऍना थिन. १८४६ साली ती समुद्रकाठच्या गावाहून जिवंत प्रवाळ घेऊन घरी आली. समुद्र लांब, पाणी पुन्हा पुन्हा आणणं शक्य नव्हतं. मग घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतत राहायची. अर्धा-पाऊण तास हे काम चालायचं. चहा थंड करायला आपण ओततो तसं. ओतताना पाण्यात हवा मिसळते आणि प्रवाळ जगतं. पुढे ऍनाने त्या पाण्यात समुद्रशेवाळ ठेवलं आणि ओतण्याचं काम कमी झालं, कारण शेवाळ स्वतःच पाण्यात प्राणवायू सोडतं. ही गोष्ट सांगताना मालकिणीचं नाव येतं, पाणी ओतणारीचं येत नाही.

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने याचं गणित मांडलं. टाकीत मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर मासे वनस्पतीला खत देतात, वनस्पती माशांना प्राणवायू देते आणि कुजलेली पानं गोगलगायी खातात. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी माशांचं घर उघडलं. १८५४ मध्ये फिलिप गॉस याने ‘द ऍक्वेरियम’ हे पुस्तक लिहिलं आणि हा शब्द घरोघर पोचला.

मैत्रिणींनो, आता गोष्टीतला कडू भाग येतो. काचेच्या दोन्ही पेट्या स्वस्त झाल्या आणि इंग्लंडमध्ये हौसेचं वेड झालं. आधी नेच्यांचं. दिवाणखान्यात नेच्याची पेटी असणं प्रतिष्ठेचं झालं. चार्ल्स किंग्सले या लेखकाने १८५५ मध्ये या वेडाला नावही ठेवलं, नेच्यांचं खूळ या अर्थाचं. या वेडाची एक चांगली बाजू होती. ज्या मुलींना एकट्याने घराबाहेर पडायची मुभा नव्हती, त्यांना नेचे गोळा करायच्या निमित्ताने डोंगर-ओढे फिरता आले, अभ्यास करता आला. पण त्याच वेळी रेल्वेने टोपल्या भरभरून नेचे शहरात यायला लागले. आयर्लंडचा किलार्नी नेचा गर्द हिरवा, जवळजवळ आरपार दिसणाऱ्या पानांचा, धबधब्याच्या ओलाव्यात खडकावर वाढणारा. काचेच्या पेटीत तो फार शोभायचा. तो इतका उपटला गेला की कित्येक ठिकाणचे खडक रिकामे झाले आणि आजही तो दुर्मिळ आहे.

समुद्रकिनाऱ्याचंही तेच झालं. गॉसचं पुस्तक वाचून लोक बादल्या घेऊन खडकांतल्या डबक्यांवर तुटून पडले. गॉसने निसर्गावरच्या प्रेमापोटी लिहिलं होतं. पण पुढे त्याच्या मुलाने १९०७ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं की वडिलांनी वर्णन केलेले ते किनारे ओरबाडले गेले.

पुढच्या शतकात विजेचा पंप आला, ट्यूबलाइट आली, विमानं आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल्या कागदात गुंडाळलेलं रोप दोन दिवसांत जगात कुठेही पोचायला लागलं. जपानमध्ये ताकाशी आमानो नावाचा छायाचित्रकार होता. त्याने १९८२ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि टाकीत माशांपेक्षा झाडांना मान दिला. दगड, ओंडका, गवत, नेचे यांची अशी मांडणी की टाकी बघताना डोंगर आणि कुरण आठवावं. १९९० नंतर त्याची पुस्तकं जगभर गेली. दगडावर वाढणारी लहान पानांची झाडं हौशी लोकांना हवीशी झाली.

अशा वेळी, २००० सालानंतर, बुसेफॅलँड्रा बाजारात आलं. जपान, सिंगापूर, मलेशिया, मग युरोप-अमेरिका. दगडावर बसणारं, सावलीत जगणारं, काळ्या-निळ्या पानांचं, पाण्याखालीसुद्धा फुलणारं झाड म्हणजे हौशी लोकांच्या मनासारखंच. विकणाऱ्यांनी नावं दिली, कुणी ओढ्याचं, कुणी भुताचं, कुणी सिनेमातल्या राक्षसाचं. एकच झाड चार नावांनी विकलं गेलं आणि चार झाडं एका नावाने.

तोवर शास्त्रज्ञांना या झाडाच्या जेमतेम तीन-चार जाती ठाऊक होत्या. २०१४ साली सारावाकच्या विद्यापीठातल्या सिन येंग वाँग या संशोधक बाई आणि त्यांचे सहकारी पीटर बॉइस यांनी मोठा अभ्यास छापला आणि जातींची संख्या तीसच्या घरात नेली. म्हणजे काही जाती विज्ञानाच्या वहीत नोंदल्या जाण्याआधीच बाजारात विकल्या जात होत्या.

आता मघाशी सांगितलेलं आठवा. बी थेंबाच्या उडीएवढंच लांब जातं. एखादी जात एका-दोन ओढ्यांतच असते. झाड इतकं सावकाश वाढतं की नवं पान यायला दोन-तीन आठवडे लागतात. अशा झाडाचा खडकावरचा गालिचा एका दिवसात खरवडून पोत्यात भरता येतो, पण तो पुन्हा भरून यायला किती वर्षं लागतील याचा हिशोब खरवडणाऱ्याकडे नसतो. किलार्नी नेच्याचं जे झालं तेच. म्हणूनच दुर्मिळ झाडांवर काम करणारे अनेक शास्त्रज्ञ आता झाड सापडल्याची नेमकी जागा छापत नाहीत.

नुसते खरवडणारेच दोषी आहेत असंही नाही. बोर्निओत तेलमाडाच्या बागांसाठी आणि लाकडासाठी फार मोठं रान गेलं. सारावाकमध्ये बाकुन धरणात २०१० पासून पाणी साठलं, त्यात सुमारे ७०० चौरस किलोमीटर मुलूख बुडाला आणि हजारो माणसांना गावं सोडावी लागली. पुरापुरतं पाण्याखाली जाणारं झाड कायमच्या खोल पाण्याखाली जगत नाही. धरणाखाली गेलेल्या ओढ्यातलं एखादं झाड आज फक्त कुणाच्या तरी टाकीत उरलं असेल, तर त्या टाकीवाल्यालाही काही मान द्यावा लागेल. त्यामुळे वाढवणं हेच या गोष्टीतलं महत्त्वाचं काम ठरतं.

हे झाड वाढवतात कसं, ते सांगते. ते आपल्याला समजायला सोपं आहे, कारण पद्धत हळदी-आल्याच्या जवळची आहे. झाडाचं आडवं खोड धारदार ब्लेडने कापायचं. प्रत्येक तुकड्याला तीन-चार पानं आणि थोडी मुळं राहिली पाहिजेत. हळद मातीत पुरतो, हे मात्र पुरायचं नाही. खोड पुरलं की कुजतं. तुकडा दगडावर किंवा लाकडावर ठेवून दोऱ्याने बांधायचा, नाहीतर फेविक्विकसारख्या गोंदाच्या थेंबाने चिकटवायचा. दीड-दोन महिन्यांत मुळं दगड धरतात.

व्यवसाय म्हणून वाढवणारे बरेच जण ते टाकीत न वाढवता हवेत वाढवतात. झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, तळाशी ओल, वर दगडावर बांधलेली रोपं आणि झाकण जवळजवळ बंद. म्हणजे वॉर्ड डॉक्टरची पेटीच. ऊन थेट लागू द्यायचं नाही. उजेड जास्त झाला तर पानांवर शेवाळ चढतं. गरमी २२ ते २८ अंशांच्या आसपास असली की झाड खूश. पाणी साचवलेलं पावसाचं असेल तर उत्तम. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते एक दिवस उघडं ठेवून मग वापरायचं. हवेत वाढलेलं रोप पाण्यात घातलं की कधीकधी जुनी पानं विरघळल्यासारखी गळतात. नवखी माणसं अशा वेळी रोप फेकून देतात. खोड टणक असेल तर थांबायचं. पाण्यातली नवी पानं त्यातूनच फुटतात.

दुसरी पद्धत प्रयोगशाळेतली, टिश्यू कल्चर. झाडाचा बारीकसा जिवंत भाग जंतूविरहित बाटलीत, साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर वाढवायचा. एका तुकड्यापासून शेकडो रोपं होतात. ऑस्ट्रियाच्या हाबरलांट याने १९०२ मध्ये ही कल्पना मांडली. १९६२ मध्ये अमेरिकेत मुराशिगे आणि स्कूग यांनी जेलीतल्या क्षारांचं प्रमाण ठरवून दिलं, ते आजही वापरतात. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यात मोठं काम केलं. कित्येक वर्षांतून एकदाच फुलणारा बांबू तिथल्या रजनी नाडगौडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेच्या नळीत फुलवून दाखवला. ते काम १९९० साली जगभर गाजलं. जळगावकडे केळीची टिश्यू कल्चरची रोपं आता घरच्यासारखी झाली आहेत. बुसेफॅलँड्राही आज अशा लहान डब्यांत, जेलीवर वाढलेलं मिळतं. ते डब्यातून काढलं की जेली धुवायची आणि केळीच्या रोपासारखंच त्याला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करायची.

आता आपल्याकडचं बघू. ज्या शॉटने बुसेफॅलँड्राला नाव दिलं, त्यानेच त्याच्या एक वर्ष आधी, १८५७ साली, आपल्या कोकणातल्या एका झाडाला नाव दिलं होतं. क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा. तेही अळवाच्याच कुळातलं, ओढ्याकाठी आणि पाणथळीत वाढणारं. त्याच्या जातभाईंना टाकीच्या बाजारात मागणी आहे. कोकणातल्या एखाद्या ओढ्याचा खडक उद्या बोर्निओच्या खडकासारखा रिकामा होऊ शकतो. त्यासाठी कुणी परदेशातून यायला नको. फोनवर किंमत बघितलेला एखादा दलाल आणि चार मजूर पुरेत.

सह्याद्रीत हे आधी झालेलं आहे. नरक्याच्या झाडात कर्करोगाच्या औषधाला लागणारं द्रव्य असतं. मागणी निघाली आणि नरक्या रानातून तोडून चोरून जाऊ लागला. तोडणाऱ्याच्या हाती दिवसाची मजुरी आली. जंगलात पकडला जातो तो तोही मजूरच, मोठा खरेदीदार तिथे नसतो.

बैठकांत मला विचारतात, ताई, ओढ्यातलं झाड काढून विकलं तर चालेल का? राखीव जंगलातून परवानगीशिवाय झाड उपटणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहारात ते परवडत नाही. उपटलेलं एकदाच विकलं जातं. नेच्याच्या टोपल्या विकणाऱ्यांकडे काही वर्षांनी विकायला नेचा राहिला नाही. रोपवाटिकेकडे मात्र विकायला रोप राहिलं.

बुसेफॅलँड्राच वाढवायचं म्हणणाऱ्या गटांसाठी तीन गोष्टी सांगते. पहिली, मातृरोप रोपवाटिकेत वाढलेलं किंवा टिश्यू कल्चरचं घ्या, पावतीसकट. कुणी ‘थेट रानातलं’ म्हणून जास्त भाव सांगत असेल तर घेऊ नका. परदेशातून मागवायचं असेल तर वनस्पती संगरोधाची परवानगी लागते. दुसरी, हे सावकाश वाढणारं पीक आहे. पहिलं वर्ष रोपं वाढवण्यातच जाईल. त्यामुळे सुरुवातीला यासाठी कर्ज उचलू नका. एका बाईच्या पडवीत दोन डब्यांवर सुरू करा. मे महिन्याची गरमी त्या डब्यांनी कशी काढली ते बघा आणि मगच पुढचं ठरवा. तिसरी, वही ठेवा. कोणतं रोप कधी कुठून आणलं, कधी कापलं, किती तुकडे जगले. दुकानदार उद्या विचारेल तेव्हा ही वहीच दाखवता येईल.

आणि एक काम सगळ्याच गावांसाठी. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. समितीत बायकांनाही जागा आहे. आपल्या गावची नोंदवही आहे का, असेल तर त्यात ओढ्यातली झाडं लिहिली आहेत का, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. कोणत्या ओढ्याला शेवळं येतं, कुठल्या खडकावर काय उगवतं, हे गावात सगळ्यात जास्त तुम्हालाच माहीत असतं. ते त्या वहीत तुमच्या नावासकट उतरलं पाहिजे.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या गावातल्या नोंदवहीचं काय झालं, ते केंद्रावर जरूर कळवा.